आत येण्याची वेळ

अंधेरीच्या पश्चिम टोकाला वेसाव्याचा धक्का आहे आणि खाडीपलीकडे मढ. मधलं पाणी इतकं अरुंद, की शांत दुपारी अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या माणसाने मान वर करावी. तरीतून जायला पाच-सात मिनिटं लागतात. रस्त्याने जायचं तर मालाडला वळसा घालून वीस-बावीस किलोमीटर. पण पावसाळा तोंडावर आला की ही तर बंद होते आणि मढची माणसं छत्र्या उघडून बसच्या रांगेत उभी राहतात. मासेमारीवरची बंदी मात्र ३१ जुलैला संपते. ऑगस्ट लागला की याच खाडीतून बोटी रात्री-अपरात्री बाहेर पडू लागतात. पाऊस तेव्हाही ओसरलेला नसतो आणि तर बंदच असते. पाच मिनिटांचं पाणी धोक्याचं आणि रात्रभराचा समुद्र चालेल, असं कसं? वेसाव्यात नव्याने राहायला आलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो.

प्रवासी आणि मच्छीमार यांच्यासाठी नियम वेगळे आहेत, हे एक उत्तर झालं. पण नियमांच्या मुळाशी पाण्याचा स्वभाव आहे. खराब हवेत बोटीला सर्वांत जास्त जपावं लागतं ते भर समुद्रात नव्हे. ते लागतं घराच्या उंबरठ्यावर, खाडीच्या तोंडाशी. तांडेलापुढचा अवघड निर्णय बाहेर कधी पडायचं हा नसतोच, आत कधी यायचं हा असतो. धक्क्यावरचे दिवे समोर दिसत असताना दोन-तीन तास बाहेरच नांगर टाकून हेलकावे खात बसणं, हा कित्येकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. बोटीवर पहिल्यांदा गेलेल्या पाहुण्याला हे पटत नाही. त्याला ते पटावं म्हणून थोडं खोल पाण्यात शिरू.

जुहूच्या वाळूपासून मढच्या खडकांपर्यंत किनाऱ्याने घेतलेलं हे वळण रात्री पाण्यावरून फार देखणं दिसतं, यात वाद नाही. दक्षिणेला इमारतींच्या उजेडाची भिंत, तिच्यावरून सांताक्रूझकडे येणारी-जाणारी विमानं, उत्तरेला मढची काळी किनार. आणखी वर गेलं की आक्सा, मार्वे, मनोरी, मग गोराई आणि तिथला पॅगोडा, त्यापुढे उत्तनचा दीपस्तंभ. मुंबईचा समुद्र म्हटलं की लोकांना गेटवे आणि मरीन ड्राइव्ह आठवतात. उपनगराला स्वतःचा इतका लांब किनारा आहे आणि त्यावर खाड्यांची तीन-चार तोंडं आहेत, हे बोरिवली-कांदिवलीत जन्म काढलेल्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. पावसाळी रात्री यातलं अर्धंअधिक दृश्य पुसलं जातं. उरतो तो पाण्याचा आवाज आणि पायाखालची हालचाल.

‘हवा खराब आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा मनात पाऊस असतो. समुद्रावर पाऊस हा त्यातल्या त्यात गरीब घटक. जोराची सर लहान लाटांना उलट दाबून टाकते. पाण्याचा पृष्ठभाग करडा, गुळगुळीत होतो. पावसाचा त्रास आहे तो दिसण्याचा. वाऱ्याचा त्रास त्याहून मोठा, पण तोही कळतो तरी. कानाला, गालाला लागतो. खरा कारभार असतो फुगोट्याचा. दूर, शेकडो किलोमीटर नैर्ऋत्येला मोसमी वारे दिवसचे दिवस एकाच दिशेने वाहत राहतात आणि तिथे उठलेल्या लाटा किनाऱ्याकडे चालू लागतात. वाटेत लहानसहान लाटा विरतात, लांबलचक तेवढ्या टिकतात. मढवर वारा पडलेला असू शकतो, आकाशात चांदणंही असू शकतं, आणि तरी ह्या लांब लाटा येतच राहतात.

त्यांचं गणित सोपं आहे. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीचा माथा यायला दहा सेकंद लागत असतील, तर खोल पाण्यात त्या दोन माथ्यांमधलं अंतर सुमारे १५६ मीटर असतं आणि लाटेचा वेग ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास. अशी लाट तीन मीटर उंच असली तरी खोल समुद्रात तिचा उतार अगदी सौम्य असतो. बोट हळूच चढते, हळूच उतरते. वेसाव्याची पंधरा मीटरची लाकडी बोट तिच्यावर आरामात बसते. खलाशी अशा लाटांत भातही शिजवतात.

पण लाट जितकी वर दिसते त्याहून कितीतरी खाली पसरलेली असते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. आपल्या १५६ मीटरच्या लाटेला तो ७८ मीटर खोलीवरच जाणवतो. मुंबईसमोरचा भूखंडमंच देशातल्या सर्वांत रुंद मंचांपैकी. सुमारे तीनशे किलोमीटर समुद्र तसा उथळच. त्यामुळे लाट किनाऱ्याला येण्याच्या कितीतरी आधीपासून तळाशी घासत येते, तिची बरीच शक्ती वाटेत जाते, आणि हे मुंबईचं भाग्य. उरलेली शक्ती मात्र शेवटच्या काही शे मीटरांत हिशेब चुकता करते. पाणी उथळ होत गेलं की लाटेचा वेग घटतो, मागची लाट पुढचीला गाठू पाहते, लांबी कमी होते आणि उंची वाढते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या थोडी वर गेली की ती उभी राहते आणि फुटते. तीन मीटरची लाट म्हणजे सुमारे चार मीटर पाण्यात फुटणार. खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळूचा जो उंचवटा साचतो, त्याच्यावर ओहोटीला चार मीटर पाणी कुठून असणार? खाडी गाळाने भरत चालल्याची तक्रार वेसाव्याचे कोळी वर्षानुवर्षं करत आले आहेत, ती याचसाठी. गाळ म्हणजे बोटीचा तळ घासण्यापुरती अडचण, असं शहराला वाटतं. प्रत्यक्षात गाळ ठरवतो की लाट कुठे फुटायची.

आता यात ओहोटी मिसळा. लाटा आत येताहेत आणि खाडीचं पाणी बाहेर धावतंय. समोरून येणाऱ्या प्रवाहावर लाट आखूड आणि उंच होते. प्रवाहाचा वेग लाटेच्या वेगाच्या एक चतुर्थांशाला पोचला तर तिची ऊर्जा पुढे सरकूच शकत नाही, ती जागच्या जागी कोसळते. दहा सेकंदांच्या लांब लाटेला एवढा जोरदार प्रवाह भेटत नाही, पण तिच्या अंगावर वाऱ्याने उठवलेल्या चार सेकंदांच्या आखूड लाटा असतात. त्यांच्यासाठी सेकंदाला दीड मीटरची धारही पुरे. मग खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या फेसाचा आडवा पट्टा दिसतो. दिवसा तो दिसतो तरी; रात्री त्याचा फक्त आवाज येतो.

आणि पावसाळ्यात ही ओहोटी एकटी नसते. दहिसर आणि पोईसर या नद्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावतात, ओशिवरा आरे-गोरेगावच्या बाजूने येते. आता त्यांना नद्या म्हणायचं धाडस कमीच लोक करतात, पण बोरिवलीच्या डोंगरावर तासभर सर कोसळली की त्या आपलं मूळ रूप दाखवतात. दहिसर नदीचं पाणी मनोरीच्या खाडीत जातं, पोईसर आणि ओशिवऱ्याचं मालाड-मार्वेच्या खाडीत. म्हणजे कान्हेरीच्या गुंफांवर पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाडीच्या तोंडाशी ओहोटीची धार वाढवायला हजर असतो. अरबी समुद्रातून आलेली लाट आणि डोंगरातून आलेला लोंढा यांची गाठ जिथे पडते, तिथूनच बोटीला वाट काढायची असते.

बाहेर जाताना बोटीची नाळ लाटेला भिडते. धक्के बसतात, पाणी अंगावर येतं, पण तांडेलाला पुढची लाट दिसते आणि सुकाणू त्याच्या हातात असतं. आत येताना लाट पाठीमागून येते. ती बोटीचा मागचा भाग उचलते, बोट उतारावरून घसरू लागते, वेग लाटेच्या वेगाइतका होतो. त्या क्षणी सुकाणूभोवतीचं पाणी बोटीबरोबरच धावत असतं, म्हणून सुकाणू फिरवलं तरी त्याला पकड मिळत नाही. नाळ पुढच्या खळग्यात रुतते, मागची बाजू पुढे येऊ पाहते आणि बोट लाटेला आडवी होते. त्यानंतरची लाट तिला उलटी करू शकते. हे घडायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. म्हणून जाणता तांडेल आत शिरण्याआधी थांबतो. लाटा गटागटाने येतात. चार-सहा मोठ्या आल्या की जरा उसंत मिळते. त्या उसंतीत, लाटेच्या पाठीवर राहून, तिला मागे टाकायचा मोह न करता तो बोट आत घेतो.

हवामान खात्याच्या किंवा सागरी अंदाजातला लाटेच्या उंचीचा आकडाही समजून घ्यायला हवा. अंदाजात येते ती ‘लक्षणीय उंची’: सगळ्या लाटांतल्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. म्हणजे ‘तीन मीटर’ असं वाचलं, तर काही तासांत एखादी लाट पाच-साडेपाच मीटरचीही येणार हे धरून चालायचं. किनाऱ्यावर बसून तो आकडा वाचणाऱ्याला तीन मीटर ही कमाल मर्यादा वाटते. बोटीवर ती तशी नसते.

मग आत यायचं कधी? भरतीला. पाणी खोल असतं, प्रवाह लाटेच्याच दिशेने आत वाहत असतो, लाट लांब आणि सौम्य राहते. आणि भरती कधी, हे सांगायला आपल्याकडे पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबई किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, म्हणून तर हा पाऊणपटीचा नियम चालतो. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. पोर्टाचं भरती-ओहोटीचं कोष्टक अर्थातच अधिक नेमकं. तरी अष्टमीच्या रात्री बारा वाजता वेसाव्याच्या खाडीत शिरू पाहणारी बोट ऐन ओहोटीच्या तळाशी येणार, हे कळायला कोष्टक उघडावं लागत नाही.

मुंबईची भरती मोठी असते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, चढ-उतार चार मीटरच्या घरात जातो. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला हाच चढ-उतार बराच कमी असतो. शिवाय पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या आणि सहाव्या तासात जेमतेम बारावा हिस्सा हलतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी सरकतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची धार सर्वांत ताठ असते ती याच मधल्या दोन तासांत. ती टाळली तर अर्धा धोका टळला.

वेसावे, मढ, मनोरी, गोराई, उत्तन इथल्या डोलकरांचं घड्याळ मुळातच असं आहे. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. ते खुंटाला किंवा नांगराला बांधून तोंड प्रवाहाकडे ठेवायचं आणि प्रवाहानेच मासळी आत आणून सोडायची. बोंबील, जवळा, मांदेली ही या जाळ्याची मासळी. जाळं उचलायचं ते पाणी थबकतं तेव्हा, आणि पाणी रात्री अडीचला थबकलं तर अडीचला. म्हणून डोलीच्या धंद्यात रात्रीचा प्रवास ही हौस नाही, वेळापत्रकाचा भाग आहे. ओहोटीबरोबर निघायचं, पाणी थबकेपर्यंत पोचायचं, जाळी उचलायची आणि भरतीच्या पाठीवर बसून घरी यायचं. शेकडो वर्षांच्या या रिवाजात इंधनाची बचत तर आहेच, खाडीचं तोंड योग्य वेळी ओलांडण्याची सोयही आपोआप झालेली आहे. मला तर हा आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत हुशार शोध वाटतो, आणि त्याचं श्रेय कोणत्याही एका माणसाच्या नावावर नाही.

रात्रीची आणखी एक अडचण शहराने निर्माण केली आहे. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइलचा पडदा उजळला की ती मेहनत वाया. बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावायचा, हा जगभरचा नियम. समोर लाल-हिरवे दोन्ही दिसले तर बोट थेट आपल्यावर येते आहे असं समजायचं. हे सगळं काळ्याभोर पार्श्वभूमीवर ठीक. पण जुहू-वेसाव्याच्या उंच इमारतींच्या उजेडात एका छोट्या बोटीचा दिवा शोधायचा कसा? टॉवरांच्या माथ्यावर विमानांसाठी लावलेले लाल दिवे आहेत, दुकानांच्या पाट्यांची हिरवी अक्षरं आहेत. खराब हवेत ढगांवरून परतलेला नारिंगी उजेड पाण्यावर पसरतो आणि लाटांच्या सावल्याही नाहीशा होतात. मोठ्या जहाजावरच्या रडारचा भरवसा धरावा तर लाकडी आणि फायबरच्या बोटींवरून रडारचे तरंग फारसे परतत नाहीत. त्यातून पाऊस पडत असेल तर पडद्यावर पावसाचेच ठिपके. म्हणून डोलकाठीवर धातूचा परावर्तक लावायचा असतो आणि व्हीएचएफवर सोळा नंबरचा चॅनल चालू ठेवायचा असतो.

आणि मग पाहुण्याला बोट लागते. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण वर-खाली होतोय, डोळे सांगतात की समोरची फळी स्थिर आहे, आणि या भांडणात पोट हरतं. प्रयोगांतून दिसलंय की पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली होणारी हालचाल माणसाला सर्वांत जास्त छळते. दिवसा क्षितिजाकडे बघत राहिलं तर दोन्ही साक्षी जुळतात. पावसाळी रात्री क्षितिजच नसतं. मग बोटीच्या मध्यावर, जिथे हालचाल कमी, तिथे आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. डिझेलच्या वासापासून लांब, उघड्या हवेत. गोळी घ्यायची तर निघण्याच्या आधी. एकदा ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आल्याचा तुकडा चघळण्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त लागते, हेही सांगून ठेवायला हवं, कारण भरतीची वाट पाहत बाहेर थांबलेल्या बोटीवर पाहुण्याची पहिली विनवणी असते: “काहीही करा, पण आत चला.”

कोकणच्या आगबोटींनी प्रवास केलेल्या पिढीला हे वेगळं सांगावं लागत नसे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत दुसऱ्या दिवशी पणजीला लागे, आणि डेकवर वळकट्या पसरून रात्र काढलेली माणसं आजही घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून भेटतात. ही वाहतूक पावसाळ्यात बंद ठेवली जाई. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा रात्रीची ‘आंग्रिया’ ही प्रवासी बोट सुरू झाली, तिनेही मुहूर्त धरला तो पाऊस संपल्यावरचाच. बोट कितीही मोठी केली तरी हा नियम सुटत नाही.

तो का सुटत नाही याचं सर्वांत कठोर उत्तर १७ जुलै १९४७ च्या सकाळी मिळालं. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, गटारी अमावास्या, कोसळणारा पाऊस. ब्रिटनमध्ये १९३६ साली बांधलेली ‘रामदास’ सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर फार नव्हतं, दीड तासाचा प्रवास. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट एका अंगावर कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट सावरलीच नाही. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती; काय घडलं हे मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकून जमेल तितकी माणसं उचलली.

अमावास्येचा हिशेब लावला तर त्या दिवशीची भरती दुपारी साडेअकरा-बाराची. म्हणजे साडेआठला पाणी चढत होतं. ओहोटीचा दोष नव्हता. इथे घात केला तो बोटीच्या तोलाने. बोट कलली की कललेल्या बाजूला जास्त पाणी दाबलं जातं आणि तेच पाणी तिला परत उभं करतं. ही सावरण्याची ताकद बोटीचं वजन किती खाली आहे यावर अवलंबून असते. वरच्या डेकवर गर्दी झाली की वजन वर चढतं, ताकद घटते. त्यात माणसं जागची हलली तर काय होतं ते हिशेबापुरतं पाहू: चारशे माणसं, सरासरी पन्नास किलोची, म्हणजे वीस टन. एवढं वजन काही सेकंदांत डाव्या कठड्यावरून उजव्या कठड्यावर जातं, आणि जातं ते नेमकं लाटेने कललेल्या बाजूला. बोटीवरचा बाकी माल बांधून ठेवता येतो, माणूस ठेवता येत नाही. म्हणून गच्च भरलेली प्रवासी बोट आणि आठ खलाशी असलेली मासेमारीची बोट यांना एकच लाट वेगवेगळी भेटते. वेसाव्याच्या तरीचं कोडं इथे सुटतं. तरीत माणसं उभी असतात, मोटारसायकली असतात, मुलं-म्हातारी असतात, आणि तिला खाडीच्या तोंडाजवळचं पाणी भरती-ओहोटी न बघता दिवसभर दर काही मिनिटांनी ओलांडायचं असतं. मच्छीमाराला वेळ निवडता येते. तरीला नाही.

वाट बघण्यालाही मर्यादा आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून गेलं, तेव्हा हिरा तेलक्षेत्राजवळची पी-३०५ ही तराफा-बोट नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. नौदलाने त्यांतल्या १८६ जणांना वाचवलं. चक्रीवादळात नांगर टाकून थांबणं हा उपाय नाही, तिथे एक-दोन दिवस आधीच बंदर गाठायचं असतं. फुगोटा, वादळी सर आणि चक्रीवादळ या तिन्हींना आपण एकाच शब्दात ‘खराब हवा’ म्हणतो, पण तिन्हींना द्यायचं उत्तर वेगळं आहे.

अंदाज मिळवणं आता सोपं झालंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. उपनगराचं आकाश दक्षिण मुंबईवरून ओळखता येत नाही हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. २०२२ च्या जानेवारीपासून वेरावलीला, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरीच्या डोक्यावरच, हवामान खात्याचं डॉप्लर रडार चालू आहे. समुद्रावरून चालून येणारी वादळी सर ते तास-दोन तास आधी दाखवतं. पण रडार पाऊस बघतं, फुगोटा बघत नाही. त्यासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राचा सागरी अंदाज पाहावा लागतो. त्यात लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधला काळ दिलेला असतो. बंदरावरचा तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदराला वादळी हवेचा धोका, वर्तमानपत्रांतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रात्री बावट्यांच्या जागी दिव्यांचे इशारे असतात, ते मात्र कोणी वाचायला शिकवत नाही.

पावसाळ्यात खाडीतून रात्रीची सफर घडवतो असं सांगणारे भेटतात. व्हिडिओ छान असतात, समोसे गरम असतात. अशांना निघण्याआधी विचारा, की आपण परत खाडीच्या तोंडाशी पोचू तेव्हा भरती असेल की ओहोटी. नेमकं उत्तर आलं तर पुढचं बोला. “ते आम्ही बघतो” असं आलं तर धक्क्यावरूनच घरी या. बोटीत परवान्यापेक्षा एक माणूस जास्त दिसला तर उतरा, आणि लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवू नका, अंगात घाला. किनाऱ्यावरून बोट अडचणीत दिसली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे आणि सागरी पोलिसांचा १०९३.